मॉल्टबीच्या टेकाडाखाली

सिरिल डॅनेट आणि त्याची थोरली बहीण ईनिड एकाच गल्लीत राहत, मध्ये एक घर सोडून, आणि तीसेक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मधलं घर माझं. त्यामुळे कोणाच्या परसातल्या शेंगा जास्त झाल्या, कोणाचं पत्र चुकून कोणाकडे पडलं, कोणाच्या छपराची कौलं वाऱ्यानं उडाली, सगळं माझ्या दारातून जायचं. "बेरिल, त्याला सांग," "बेरिल, तिला सांग." भांडण कशावरून झालं, असं गावात नवा आलेला माणूस विचारायचाच. जमिनीवरून असेल, वडिलांच्या घरावरून असेल, असं त्याला वाटायचं. मॉल्टबीच्या वरच्या शेतातल्या मातीच्या टेकाडावरून, असं सांगितलं की तो हसायचा. मीही सुरुवातीला हसले होते.

आमच्या लिंकनशरमध्ये, निदान या टेकड्यांच्या बाजूला, नांगर लावला की काही ना काही वर येतं. म्हणून हेमिंगथॉर्प पुरातत्त्व मंडळ. नाव भारदस्त आहे, पण माणसं म्हणजे निवृत्त शिक्षक, निवृत्त बँकवाले आणि नायजेल क्रॉस्बी हा निवृत्त दातांचा डॉक्टर, जो जुनी हत्यारं घेऊन खड्ड्यात उतरतो आणि मातीत रुतलेल्या हाडांना विचारतो, "दुखतंय का?" मी खणत नाही. गावच्या सभागृहाच्या मोरीत खापरं धुते, दात घासायच्या जुन्या ब्रशनं. रोमन लोकांनी माझं काही बिघडवलेलं नाही, पण त्यांच्याबद्दल मला विशेष प्रेमही नाही. नवरा गेल्यावर शनिवार खायला उठायचे, आणि सभागृहात हीटर चांगला होता, एवढंच.

सिरिलचं तसं नव्हतं. तरुणपणी मॉल्टबीच्या टेकाडावर, चिचुंद्रीनं उकरलेल्या मातीत, त्याला ब्राँझचं एक पान सापडलं. करंगळीएवढं, शिरा कोरलेल्या. असली पानं लोक देवाला वाहत, नवस फेडायला. तेवढ्यावर सिरिलनं ठरवलं की या टेकाडाखाली रोमन देऊळ आहे. एका पानावर त्यानं अख्खं देऊळ बांधलं: गाभारा इथे, ओसरी तिथे, दार पूर्वेला. रेल्वेच्या कचेरीत दिवसभर वेळापत्रकं करायची आणि संध्याकाळी देवळाचे नकाशे काढायचे. लग्न केलं नाही. माणसाला एका वेळी एकच वेड झेपतं.

म्हाताऱ्या मॉल्टबीनं खणायला परवानगी दिली, ती एकाहत्तर साली. आणि त्याच वसंतात सिरिलच्या छातीचं दुखणं उलटलं. महिनोन्‌महिने तो लिंकनच्या इस्पितळात होता, डॉक्टरांनी जवळजवळ आशा सोडली होती. तो वाचला, घरी आला, तोवर म्हातारा मॉल्टबी वारला. मुलगा पैसे घेऊन लोकांना शेतात तितर-फेझंट पक्ष्यांची शिकार करू द्यायचा, त्याला तिथे कुदळवाले नको होते. त्यानं फाटक बंद केलं आणि ते मरेपर्यंत बंदच ठेवलं.

दहाएक वर्षं वाट पाहूनही खणता येईना, तेव्हा सिरिलनं देऊळ छापायचं ठरवलं. मंडळाच्या वार्षिक सभेत त्यानं नकाशे भिंतीवर लावले. ईनिड तेव्हा मंडळाची चिटणीस होती, आणि खोदकामात तिचा हात सिरिलपेक्षा चांगला होता, हे सिरिल सोडून सगळे मान्य करत. ती उठली आणि म्हणाली, "सिरिल, हे छापू नकोस. त्या टेकाडात काही नाही."

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

"अगं पण कशावरून? पुरावा काय?"

ईनिड खाली बसली. सिरिलनं छापलं. मोठ्या विद्यापीठातल्या मोठ्या लोकांनी त्याची चांगलीच टर उडवली, आधी खणा आणि मग बांधा, असं कोणीतरी लिहिलं. ते शब्द बहिणीनंच पुरवले, अशी सिरिलची पक्की समजूत झाली. ईनिडनं मंडळ सोडलं. त्यानंतर दोघांच्या मध्ये मी.

गेल्या वर्षी शिकारीवाला मॉल्टबीही गेला आणि शेत नातवाकडे, टोबीकडे आलं. टोबी सरळ पोरगा आहे. तो सिरिलला म्हणाला, "बार्ली निघाली की या, गहू पेरायच्या आत आटपा. मधल्या दिवसांत टेकाडाचं काय हवं ते करा, मिस्टर डॅनेट. मला तरी कळू दे एकदाचं, आजोबा कशाला वळसा घालून नांगरायचे ते."

सिरिल शहात्तर वर्षांचा होता. त्याला हृदयाच्या डॉक्टरकडे मीच गाडीतून न्यायची, त्यामुळे पुढच्या वर्षाचा भरवसा नाही हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं, पण त्याबद्दल तो बोलायचा नाही. तो फक्त एवढंच म्हणाला, "देऊळ आहे हे एकदा डोळ्यांनी बघितलं की झालं, बेरिल. मग काय व्हायचं ते होवो."

ईनिड तेव्हा गल्लीत नव्हती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती लाउथच्या एका वृद्धाश्रमात होती आणि दर बुधवारी मी तिला भेटायला जायची. टेकाड उघडणार हे मी तिला सांगितलं. तिनं कप बशीत ठेवला, तो नीट बसला नाही, चहा सांडला.

"त्याला सांग, नको."

"ईनिड, तो ऐकेल का?"

"दमशील म्हणावं उगाच. छाती कमजोर आहे त्याची."

"छातीचं दुखणं चाळीस वर्षांपूर्वीचं. आता हृदय आहे."

"मग हृदयाला सांग," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मी निरोप पोचवला. पोस्टमनचं काम मी नेहमीच इमानानं केलं आहे. सिरिल बूट घालत होता, मान वर न करता म्हणाला, "ऐंशी वर्षांची झाली, तरी जळफळाट जात नाही बघ." मला दोघांचाही कंटाळा आला, खरं सांगते.

शनिवारी गवताचा थर काढला. वरची माती फावड्यानं ओढली आणि खाली आमची चुनखडी लागली, पांढरी, बघून डोळे दिपतील अशी. त्या पांढऱ्यावर, टेकाडाच्या बरोबर मध्यावर, काळसर मातीचा एक लांबट चौकोन. कडा सुतासारख्या सरळ, कोपरे काटकोनात. चुनखडीत कोणीतरी मुद्दाम खणलेलं होतं आणि मग ते मातीनं भरलं होतं.

सिरिल गुडघ्यांवर बसला. त्याला बसताना आधार लागतो, पण त्या दिवशी लागला नाही. थापी कडेवरून फिरवत राहिला.

"बेरिल, इकडे ये. ही कड बघ. बघ ना! काय हात आहे! एक ठोका वाकडा नाही. ज्यानं हे खणलं त्याला काम माहीत होतं."

"पायाचा चर?" नायजेलनं विचारलं.

"मग दुसरं काय? भिंत काढून नेली असणार, दगड पळवले असणार गाववाल्यांनी. पण पाया राहिला. गाभारा आहे हा, नायजेल, गाभारा!" आणि टोपी काढून त्यानं चक्क हवेत उडवली. ती मातीच्या ढिगावर पडली. त्याला इतका आनंदात मी कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी त्यानं स्वतःच वर्तमानपत्राला फोन केला, पुढच्या शनिवारी या म्हणून.

आठवडाभर त्यांनी तो चर उकरला. आणि आठवडाभर माझी मोरी कोरडी होती. एक खापर नाही, एक हाड नाही, खिळा नाही. रोमन माणूस जिथे बसला तिथे खापर फोडून उठला, असा माझा अनुभव. देवळात तर लोक मुद्दाम वस्तू टाकतात. शुक्रवारी मी थर्मास घेऊन शेतात गेले आणि नायजेलला बाजूला घेऊन विचारलं.

"मलाही तेच खुपतंय," तो हळू आवाजात म्हणाला. "माती बघितलीस? थर नाहीत. गवताची मुळं, चुनखडीचे तुकडे, वरची माती, सगळी खिचडी. शेकडो वर्षांत हळूहळू भरलेला चर असा दिसत नाही. हा एका दुपारी फावड्यानं भरलाय."

"सिरिलला दिसत नाही?"

"त्याला देऊळ दिसतंय. माझ्याच्यानं सांगवत नाही बुवा. तू सांग, तुला सवय आहे निरोपांची."

मी सांगितलं नाही. त्याची गरजच पडली नाही. नायजेल पुन्हा उतरला, तळाच्या कोपऱ्यातली शेवटची माती खरवडू लागला, आणि काचेवर लोखंड घासल्याचा आवाज आला. सिरिल वर बादलीवर बसून चहा पीत होता. नायजेलनं दोन्ही हातांनी एक बुटकी बरणी वर धरली. सँडविचला लावायची माशाची पेस्ट मिळते, तिची बरणी. पत्र्याचं झाकण गंजून खपली झालेलं, काच मात्र स्वच्छ, आणि आत एक नाणं.

या खणणाऱ्या लोकांची एक रीत आहे. खोदकाम संपलं, चर बुजवायचा झाला, की तळाशी त्या वर्षाचं एक नाणं ठेवायचं. पुढे कधी कोणी तिथे खणलंच, तर त्याला कळावं की आपल्या आधी कोणी येऊन गेलंय आणि केव्हा. सगळे नुसतं नाणं टाकतात. बरणीत घालून, झाकण लावून, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात ठेवणारं माणूस आमच्या मंडळात एकच होऊन गेलं. नाणं झिजून साल पुसलं गेलं तर काय उपयोग, असं ईनिड म्हणायची. सिरिल त्यावरून तिला चिडवायचा, हे मी मंडळाच्या जुन्या लोकांकडून ऐकलेलं.

"साल कुठलं?" सिरिलनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

नायजेलनं बरणी उजेडाकडे धरली. "एकाहत्तर."

सिरिलनं कप खाली ठेवला आणि हात पुढे केला. बरणी घेऊन तो ती फिरवत राहिला.

"मी इस्पितळात होतो," तो म्हणाला. मग पुन्हा, "म्हाताऱ्यानं परवानगी दिली होती, आणि मी इस्पितळात. तिनं माझ्यासाठी खणलं. मला दाखवायला. मरायच्या आत मला सांगता यावं, की मिळालं."

"आणि मिळालं नाही," मी म्हणाले. कोणीतरी म्हणायला हवंच होतं.

"तळापर्यंत गेली होती. टेकाडाच्या मधोमध, चुनखडीपर्यंत. यापुढे खणण्यासारखं काही उरत नाही." त्यानं चराच्या कडांकडे पाहिलं. "आणि मी आठवडाभर या हाताची तारीफ करतोय."

"दर रविवारी यायची इस्पितळात," तो पुढे म्हणाला. "द्राक्षं घेऊन. मी देवळाचंच बोलायचो, दुसरं होतं काय माझ्याकडे? दार कुठे असेल, देव कुठला असेल. आणि ती तिथे बसून ऐकायची."

"काय म्हणायची?"

"म्हणायची, बरा हो, मग खणू."

नायजेल चरात उभा होता, त्यानं तोंड फिरवलं. मला राग आला, कोणाचा ते कळेना. सिरिलचा असावा. पण ईनिडचाही आला. सभेत उठून एक वाक्य बोलली असती तर तीस वर्षं वाचली असती.

मी तसं म्हणाले. सिरिलनं मान हलवली. "तुला कळायचं नाही, बेरिल. दुसऱ्याची जागा त्याच्या पाठीमागे खणायची? आमच्यात कोणी कोणाची बायको पळवली तरी चालेल, दोन वर्षांनी त्याला पुन्हा चहाला बोलावतात. पण हे नाही. भर सभेत तिनं कबूल केलं असतं, तर मी उभं राहून सगळ्यांसमोर तिला चोर म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं. आणि ते तिला माहीत होतं." मग म्हणाला, "आणि चोर म्हटलेलंही तिनं सोसलं असतं. पण मग मला कळलं असतं की देऊळ नाही."

त्यानं वर्तमानपत्राला फोन करून सशांची बिळं निघाली म्हणून सांगितलं. बातमीदार हसला असावा. नायजेलला तोंड बंद ठेवायला सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावलेल्या माणसाला ते जड गेलं, पण त्यानं ठेवलं. बरणी सिरिलनं स्वतः उतरून तिच्या कोपऱ्यात परत ठेवली. दुसरं नाणं ठेवलं नाही. रविवारी दुपारपर्यंत चर बुजवून झाला. ब्राँझचं पान तिथे कसं आलं, असं मी त्याला विचारलं. "शेणखतातून," तो म्हणाला. "कुठल्या तरी दुसऱ्याच शेतातून, गाडीभर शेणातून." आणि हसला, बरं वाटण्यासारखं हसू नव्हतं ते.

बुधवारी मी गाडी काढली तर तो कोट घालून फाटकात उभा.

"लाउथला जायचंय ना? मीही येतो."

त्याला ईनिडला काय सांगायचं आहे हे मला माहीत होतं असं मला वाटत होतं: बरणी सापडली, मी मूर्ख, माफ कर. माझ्या मते हे सगळं लवकर आणि मोठ्यानं बोलून टाकणं बरं. अशा वेळी लोक उगाच घोळ घालतात.

ईनिड खिडकीशी होती, विणकाम मांडीवर, लोकरीचे गुंडे शेजारच्या खुर्चीवर. तिनं आधी मला पाहिलं आणि मग माझ्यामागे त्याला. दोघांनीही कसं आहेस, बरी आहेस ना, असलं काही विचारलं नाही. सिरिल टोपी हातात धरून उभा राहिला. तिचा चेहरा पाहून मला एकदम कळलं की ती घाबरली आहे. ऐंशी वर्षांची बाई, आयुष्यात कशाला न भ्यालेली, सुया घट्ट धरून बसली होती.

"खणलंस?" ती म्हणाली.

"खणलं."

"मग? तळ लागला?"

हा माणूस असा, की अंगठ्याएवढी खोली चुकली म्हणून नायजेलला भर उन्हात पुन्हा मापायला लावणारा. त्याच्या नावानं एकही खोटा आकडा कुठे छापलेला नाही. त्यानं बहिणीकडे पाहिलं.

"नाही लागला," तो म्हणाला. "तीन फुटांवर थांबावं लागलं. चरात पाणी साचलं. उपसून उपसून दमलो. टोबीला गहू पेरायचा होता, मग दिला बुजवून. राहिलं ते राहिलंच."

ईनिडनं सुया खाली ठेवल्या. आमच्या चुनखडीत पाणी साचत नाही. बादली ओतली तर चहा गाळल्यासारखी खाली जाते, म्हणून तर इथे गावोगाव तळी मातीनं लिंपून घ्यावी लागतात. लहान पोरांनाही हे ठाऊक असतं, आणि या दोघांनी तर उभं आयुष्य त्या चुनखडीत गुडघे टेकून घालवलेलं. वर तो उन्हाळा असा कोरडा गेला होता, की टोबीच्या गुरांना टँकरनं पाणी घालावं लागलं होतं.

"चुनखडीत पाणी साचलं?" ती म्हणाली.

"साचलं."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तोही नजर न हलवता उभा राहिला. मी तोंड उघडणार होते, नेहमीसारखं, याचा निरोप तिला आणि तिचा त्याला, पण मी गप्प बसले. पोचवायला काही उरलंच नव्हतं.

"यंदा पाऊसही फार झाला," ईनिड म्हणाली.

"फार."

"मग खाली असेलच अजून काहीतरी."

"असणार," सिरिल म्हणाला.

तिनं शेजारच्या खुर्चीवरचे लोकरीचे गुंडे एकेक करून उचलले आणि मांडीवर घेतले. एक खाली घरंगळला, तो कोणी उचलला नाही.

"बस मग," ती म्हणाली. "आणि कोट काढ, थांबणार असशील तर."

सिरिलनं कोट काढला.